दर मढ्यामागं हजार रुपये

अर्थशास्त्राच्या जाड पुस्तकात एक धडा हमखास असतो. शेतीप्रधान देशाची युद्धकाळातली साधनसंपत्ती. त्यात यादी असते. गहू, तांदूळ, कापूस, ताग, कोळसा, मँगनीज, अभ्रक. आणि सगळ्यात शेवटी, अभ्रकाच्या खाली, मनुष्यबळ. म्हणजे आपण. यादीत नंबर शेवटचा, खर्चात मात्र पहिला.

मी रिंगखात्यातला माणूस. शाळा नववीत सुटली. अर्थशास्त्र वाचलं ते रात्रपाळी संपल्यावर, डिक्शनरी मांडीवर घेऊन. प्राध्यापकांसारखं गोल गोल बोलणं मला जमत नाही. मी सरळ विचारतो. ज्या देशातली बहुतेक माणसं शेतीवर जगत होती, ज्याचे पोलादाचे कारखाने बोटांवर मोजता येत होते, त्या देशानं महायुद्धाचा खर्च आणला कुठून? तोफ काय वावरात पिकत नाही. बंदूक झाडाला लागत नाही. मग दिलं कुणी?

पुस्तक म्हणतं, देशानं दिलं. मी म्हणतो, देश कोण ते नावानिशी सांगा.

माझं म्हणणं एवढंच आहे. शेतीप्रधान देशाची युद्धातली खरी तिजोरी म्हणजे भूमिहीनाचं पोट. ते रिकामं केलं की तोफेचा पैसा निघतो. हे मी कविता म्हणून लिहीत नाही, हिशेब म्हणून लिहितोय. हिशेब दुसऱ्या महायुद्धाचा, 1939 ते 1945 चा. तपासून घ्या.

3 सप्टेंबर 1939 ला व्हाइसरॉय लिनलिथगोनं हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. इथल्या कुणाला विचारलं नाही. मग लंडन आणि दिल्लीत खर्चाची वाटणी ठरली. हिंदुस्थानच्या नेहमीच्या संरक्षणाचा खर्च हिंदुस्थाननं करायचा, साम्राज्याच्या युद्धासाठी होणारा वरचा खर्च ब्रिटननं भरून द्यायचा. ऐकायला रास्त वाटतं. पण भरून द्यायचा कसा? सोन्यात नाही. यंत्रांत नाही. लंडनच्या वहीत पौंड जमा मांडायचे, आणि त्या नोंदीच्या जोरावर इथं रिझर्व्ह बँकेनं नोटा छापायच्या. त्या नोटांनी सरकारनं इथलं धान्य, कापड, ताग, लाकूड, मजूर विकत घ्यायचे. माल आज गेला. दाम वहीत राहिला. वही लंडनला.

आकडे बघा. युद्ध सुरू झालं तेव्हा देशात सुमारे 180 कोटींच्या नोटा फिरत होत्या. 1945 पर्यंत त्या 1,100 कोटींच्या वर गेल्या. सहापट. भात सहापट पिकलं का? ज्वारी सहापट झाली का? बॉबिनवर सूत आहे तेवढंच ठेवून सहा लेबलं चिकटवली तर सूत वाढत नाही, हे डॉफर पोरालासुद्धा कळतं. दिल्लीतल्या साहेबांना ते कळत नव्हतं असं समजू नका. कळत होतं म्हणूनच केलं.

कारण नवी नोट सगळ्यांच्या हातात एकदम पडत नाही. ती आधी कंत्राटदाराच्या हातात पडते. मग गिरणीमालकाच्या. मग आडत्याच्या. हे लोक जुन्या भावात माल उचलतात. नोट फिरत फिरत शेतमजूर बाईच्या पदरात येते तेव्हा भाव तिप्पट झालेला असतो आणि तिची मजुरी हललेली नसते. तिच्या ताटातलं उचलून फौजेच्या ताटात वाढलं, एवढाच याचा अर्थ. हा कर आहे. कायदेमंडळात न मांडलेला, पावती नसलेला, आणि ज्याच्याकडं काहीच नाही त्याच्याकडून सगळ्यात आधी वसूल केलेला कर.

युद्ध संपलं तेव्हा सरकारचं विलायतेतलं जुनं कर्ज फिटलं होतं आणि वर सुमारे 130 कोटी पौंड जमा होते. रुपयांत 1,700 कोटींच्या घरात. पंडित लोक अजून कौतुकानं सांगतात की हिंदुस्थान कर्जदाराचा सावकार झाला. च्यायला, सावकार! उपाशी मरून सावकार झालेला माणूस मी तरी बघितला नाही. पुढं 1948 च्या करारात त्या पैशांतून ब्रिटिशांनी मागं टाकलेल्या लष्करी मालाची किंमत आणि विलायतेला देणं असलेल्या पेन्शनी वळत्या झाल्या. 1949 मध्ये पौंडाचंच मोल उतरवलं. उरलेले पुढच्या वर्षांत आयातीत गेले. ज्यांच्या पोटातून ही रक्कम काढली त्यांच्या वारसाच्या नावावर एक पौंड निघाला नाही.

आता पोट कुणाचं ते सांगतो. बंगाल, 1943.

मार्च 1942 मध्ये रंगून जपान्यांच्या हातात गेलं. ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. इतर प्रांतांनी आपापलं धान्य अडवून धरलं. जपानी समुद्रानं येतील या भीतीनं सरकारनं बंगालच्या किनाऱ्यावर नवं धोरण काढलं. शत्रूला काही मिळू द्यायचं नाही. मेदिनीपूर, बाकरगंज, खुलना या जिल्ह्यांतला तांदूळ उचलला. दहापेक्षा जास्त माणसं वाहणाऱ्या नावा ताब्यात घेतल्या, मोडल्या, हलवल्या. 40,000 हून जास्त नावा लोकांच्या हातून गेल्या. नदीच्या मुलखात नाव काढून घेणं म्हणजे माणसाचे पाय कापणं. कोळ्याची मासळी गेली, नावाड्याचं भाडं गेलं, बाजाराला जाणारा माल थांबला. जपानी आलेच नाहीत. शत्रू म्हणून नागवला गेला तो कोळी.

ऑक्टोबर 1942 मध्ये मेदिनीपूरवर वादळ आलं. ते निसर्गाचं. पण भाव निसर्गानं वाढवला नाही. कोलकात्यात डिसेंबर 1942 ला तांदूळ मणाला 13-14 रुपये होता. मे 1943 मध्ये तो 30 च्या वर गेला. ऑगस्टात 37. शेतमजुराची मजुरी तिथंच पडून. ढेंकीवर भात कांडणाऱ्या बाईला कांडायला भातच नाही. नावाड्याला नाव नाही. माणसं कोलकात्याच्या फुटपाथवर येऊन भाताची पेज मागत मेली. भात मागायची त्यांची हिंमत नव्हती. सरकारनं शेवटपर्यंत दुष्काळ जाहीर केला नाही. जाहीर केला असता तर दुष्काळाच्या कायद्याप्रमाणं काम आणि धान्य देणं भाग पडलं असतं. मग त्या 1943 च्या ऑगस्टात लंडनच्या युद्ध-मंत्रिमंडळाकडं धान्याची जहाजं मागितली. मागितलं त्यातलं थोडकंच द्यायला ते तयार झाले. वहीत आपले पौंड रोज वाढत होते, आणि त्या पौंडांचा गहू आणायला त्यांच्याकडं जहाज नव्हतं!

सरकारच्या चौकशी आयोगानं मेलेले मोजले 15 लाख. नंतरच्या अभ्यासकांचा अंदाज 30 लाखांच्या आसपास जातो. अमर्त्य सेन यांनी 1981 च्या पुस्तकात दाखवलं की सरकारी आकड्यांप्रमाणं 1943 मध्ये बंगालात 1941 पेक्षा जास्त तांदूळ होता, आणि 1941 ला दुष्काळ पडला नव्हता. पिकाच्या त्या आकड्यांवर इतरांनी शंका घेतलीय, तो वाद आहे. पण कोण नागवलं यावर वाद नाही. महालनोबीस यांच्या पाहणीतून आलेली यादी अशी: कोळी, नावाडी, भात कांडणारे, शेतमजूर. म्हणजे नामशूद्र, मालो, कैवर्त, भूमिहीन मुसलमान. ज्याच्याकडं चार बिघे आणि कणगी होती तो तगला. धान्य देशात होतं. आपल्या हातात नव्हतं.

आणि याच आयोगाच्या अहवालात एक हिशेब आहे, तो प्रत्येक वस्तीच्या भिंतीवर लिहायला पाहिजे. 1943 मध्ये तांदळाच्या खरेदी-विक्रीत 150 कोटी रुपयांचा वरचा नफा झाला, असा आयोगाचा अंदाज. मेलेले 15 लाख. भागाकार आयोगानंच केलाय. दर मढ्यामागं हजार रुपये. दोस्तहो, हे कुणा लाल बावटेवाल्याचं भाषण नाही. हा गोऱ्या सरकारच्या आयोगाचा भागाकार आहे.

आता आपल्या गिरणीकडं या.

मुंबईत मे 1943 पासून रेशन सुरू झालं. कोलकात्यात कारखानदारांच्या चेंबरनं सरकारच्या पाठबळावर आपल्या कामगारांना स्वस्त धान्य पुरवलं. म्हणून आमचे युनियनवाले सांगतात, बघा, संघटनेच्या जोरावर कामगार जगला. अर्धं खरं आहे. मार्च 1940 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी महागाई भत्त्यासाठी संप केला होता, त्यात जोर होताच. पण उरलेलं अर्ध कुणी बोलत नाही. कामगाराला धान्य मिळालं ते माणूस म्हणून मिळालं नाही. चाती फिरवणारा भाग म्हणून मिळालं. फौजेला खाकी पाहिजे होती, तागाची पोती पाहिजे होती. मशीनला तेल घालतात तसं कामगाराला धान्य घातलं. गावाकडचा शेतमजूर कुठल्या मशीनचा भाग नव्हता. म्हणून त्याला कोरडं ठेवलं. आणि शहरातल्या कामगाराला पुरवलेल्या धान्यासाठी बाजारातून जी खरेदी झाली तिनं खेड्यातला भाव आणखी चढला. मालकांचं काय? 1943 पर्यंत कापडाचे भाव युद्धाआधीच्या चौपटीच्या वर गेले होते. गिरण्यांनी कधी कमावलं नव्हतं एवढं कमावलं.

आणि त्या गिरणीतही आपली जागा कुठली? धोट्याचं सूत तोंडानं ओढून घ्यावं लागायचं, विटाळ होईल म्हणून विणाईखात्यात आपल्याला मज्जाव होता. चार पैसे जास्त मिळायचे ते खातं सवर्णांचं. आपण रिंगखात्यात. म्हणून जे कॉम्रेड सांगतात की महागाई सगळ्या कामगारांना सारखीच चावली, त्यांना विचारा, सुरुवातीचा पगार सारखा होता काय?

मनुष्यबळाचा दुसरा अर्थ फौज. 1945 पर्यंत हिंदी फौज 25 लाखांपर्यंत गेली. त्यात आपण होतो. 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. आपल्या जयंतीत तिचं नाव निघालं की छाती फुगते. फुगू द्या, त्या माणसांच्या धाडसावर माझा हक्क आहे. पण त्याच्या आधीचंही वाचा. पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, 111 वी महार पलटण उभी केली होती. युद्ध सरलं आणि 1921 मध्ये ती मोडून टाकली. लढाऊ जात नाही म्हणून आधी बंद केलेला दरवाजा युद्ध आलं की उघडतो, युद्ध गेलं की बंद होतो. ज्वारीची कोठारं उघडावीत तशी आपली भरती उघडतात. मुंबईत पोवाडा म्हणताना मेदिनीपूरचा कोळी आठवला पाहिजे. तो आपल्याच रांगेतला, फक्त त्याला गणवेश मिळाला नाही.

आता नाजूक गोष्ट. काही दोस्त म्हणतील, ही छापू नको. मी म्हणतो, हीच छापा.

जुलै 1942 ते 1946 बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. याच काळात बंगाल मेला. अन्नखातं त्यांच्याकडं नव्हतं, अर्थखातं नव्हतं, जहाजं लंडनच्या ताब्यात होती. हे खरं आहे आणि ते ठणकावून सांगा. पण मजूर खातं त्यांचंच होतं. लष्करी बांधकामावर आणि विमानतळांवर मजुरी बरी मिळायची म्हणून खाणकामगार खाण सोडून गेले. कोळसा कमी पडला. तेव्हा 1943 मध्ये बायांना जमिनीखाली कामाला न्यायची बंदी उठवली गेली. झरिया-राणीगंजच्या संथाळ, बाउरी बाया पुन्हा खाली उतरल्या. फेब्रुवारी 1944 मध्ये कायदेमंडळात यावर टीका झाली, आणि उत्तर बाबासाहेबांनी दिलं. कोळशाची निकड सांगितली, आणि बायांना पुरुषांएवढीच मजुरी मिळेल हे तत्त्व ठेवल्याचं सांगितलं. डिसेंबर 1943 मध्ये ते स्वतः धनबादच्या खाणी बघून आले होते. 1944 मध्ये कोळसा कामगारांसाठी कल्याणनिधी काढला. 1946 मध्ये बंदी परत घातली गेली.

विरोधक याचा दगड करून आपल्यावर फेकतात. आपले लोक घाबरून ते पानच फाडतात. दोघांनाही मला सांगायचंय, यातून शिकायचं ते वेगळंच आहे. आपल्यात जन्मलेला सगळ्यात मोठा अर्थतज्ज्ञ त्या खुर्चीत बसला, आणि त्या युद्धयंत्रानं त्याच्याही हातून बाया खाणीत उतरवल्या. बंगालातही जोगेंद्रनाथ मंडल एप्रिल 1943 पासून मंत्री होते. तरी नामशूद्र मेला. खुर्ची मिळाली म्हणजे सत्ता मिळाली, असं समजणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांना हे रोज सकाळी वाचून दाखवा. जमीन दुसऱ्याची, कोठार दुसऱ्याचं, नोटा छापायचं यंत्र दुसऱ्याचं, आणि खुर्ची तेवढी आपली. अशा खुर्चीवरून कल्याणनिधी काढता येतो. दुष्काळ थांबवता येत नाही.

बाबासाहेबांना हे कुणी शिकवायची गरज नव्हती. 1923 मध्येच रुपयावरच्या ग्रंथात त्यांनी दाखवलं होतं की रुपयाचं मोल उतरून भाव चढले की देशाचा फायदा होत नाही. एका वर्गाचा खिसा भरतो, कारण मजुरी भावाच्या मागं रखडते. सरकारच्या हातात नाणं फुगवायची मोकळीक नको, हा त्यांचा हट्ट होता. वीस वर्षांनी बंगालात तेच झालं. 1918 मध्ये त्यांनी लहान शेतांवर लिहिताना सांगितलं होतं की रोग शेताच्या आकारात नाही, शेतीवर पडलेल्या फाजील माणसांत आहे, आणि इलाज उद्योगधंद्यात आहे. नोव्हेंबर 1942 मध्ये रेडिओवर बोलताना त्यांनी बजावलं की मजुराला नुसतं परक्याचं राज्य जाऊन भागणार नाही, समाजाची घडी बदलली पाहिजे.

आणि 1946 मध्ये मुंबईतून घटना समितीत जायची वाट बंद झाली, तेव्हा त्यांना निवडून कुणी दिलं? बंगालनं. मंडल आणि त्यांच्या सोबत्यांनी. ज्या लोकांनी तीन वर्षांपूर्वी आपली मढी नदीत सोडली होती त्यांच्या प्रतिनिधींनी. 1947 मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' आलं. त्यात लिहिलंय की शेतजमीन राज्याच्या मालकीची करा, गावानं ती सामुदायिक कसावी, जमीनदार नको, कूळ नको, भूमिहीन मजूर नको. मोठे उद्योग आणि विमा राज्याच्या हातात द्या. आणि हे सगळं घटनेतच लिहा, कुणा मंत्र्याच्या मर्जीवर सोडू नका. ते घटनेत आलं नाही. कुणी येऊ दिलं नाही ते तुम्हाला माहीत आहे. आपण घटना डोक्यावर घेऊन मिरवतो, आणि बाहेर राहिलेलं हे पान उघडतसुद्धा नाही.

उलटा पुरावाही देतो. 1972-73 ला महाराष्ट्रात पीक पार बुडालं. युद्ध नव्हतं, पण धान्याचा तुटवडा बंगालपेक्षा मोठा होता. तरी बंगालसारखी लाखो माणसं मेली नाहीत. का? मे 1973 मध्ये जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. आपल्या आज्या-आजोबांनी खडी फोडली, मिलो ज्वारी आणि सुकडी खाल्ली, शिव्या दिल्या आणि जगले. हातात मजुरी होती. ती कुणी दयेनं दिली नाही, मोर्चे निघाले म्हणून मिळाली. त्यातूनच 1977 चा रोजगार हमीचा कायदा आला. म्हणजे इलाज ठाऊक होता. बंगालात तो केला नाही, कारण तिथं पैसा तोफेसाठी राखला होता.

फेब्रुवारी 2022 मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू झालं. हजारो मैलांवर. दोन-तीन महिन्यांत इथं सूर्यफुलाच्या तेलाची पिशवी महागली, 13 मे 2022 ला सरकारनं गव्हाची निर्यात थांबवली. माझा पगार जागच्या जागी. तेव्हा टीव्हीवरचे लोक बाणा दाखवत होते. उद्या आपल्या सीमेवर काही झालं की हेच लोक त्याग, त्याग म्हणून ओरडतील. त्यागाला आपला विरोध नाही. त्यागाची यादी आधी दाखवा. नोटा छापून खर्च करणार की श्रीमंतांवर कर बसवून? भाव चढला की मजुरी आपोआप चढणार काय? शेतमजुराचं आणि पालावरच्या भटक्याचं रेशन गिरणीवाल्याएवढं पक्कं आहे काय? युद्धातल्या नफ्यावर कुणाचा हात राहणार? ही उत्तरं न देता जो देशभक्ती मागतो तो देशासाठी मागत नाही, आडत्यासाठी मागतो.

म्हणून विनंती नाही, कामच सांगतो. येत्या 14 एप्रिलला डीजेच्या वर्गणीतून थोडे पैसे काढा. रुपयावरचा ग्रंथ आणि 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' आणा. विहारात आठवड्यातून एक रात्र बसा. इंग्रजी अडलं तर अडू द्या, मलाही अडतं. एकानं वाचायचं, चौघांनी डोकं लावायचं. प्रत्येकानं आपल्या घरचा एका महिन्याचा खर्च आणि मजुरी वहीत लिहून आणायची, आणि तो हिशेब त्या पानांशी लावून बघायचा. तुमच्या वह्यांतलं जे निघेल ते या अंकाच्या पत्त्यावर धाडा. स्टेन्सिल कापायला मी बसतो.

जय भीम.